मोटारीचं हँडल

जाहिरात मला दुसऱ्याच्या मोबाइलवर बघायला मिळाली. स्टाफरूममध्ये रसायनशास्त्राच्या बाईंनी फोन माझ्यापुढं धरला आणि विचारलं, "मॅडम, ही तुमच्या माहेरची मोटार ना? विकताय होय?"

फोटोत आमचीच मोटार होती. पितळी रेडिएटर उन्हात झळकत होता. पुढच्या मडगार्डवर बूट घातलेला पाय ठेवून माझा धाकटा भाऊ उभा होता. त्या मडगार्डवर मी कधी कुणाला रुमालसुद्धा ठेवू दिला नव्हता. खाली लिहिलं होतं : "दुर्मिळ अमेरिकन मोटार विकणे आहे. शंभर वर्षांहून जुनी. वडील आणि मुलाने वर्षानुवर्षं स्वतःच्या हातांनी राबून पुन्हा जिवंत केलेली. चालू कंडिशन. फक्त खऱ्या शौकिनांनी संपर्क साधावा."

वडील आणि मुलाने. मी ते परत वाचलं. टायपिंगची चूक नव्हती. तसंच लिहिलं होतं.

"छान आलाय फोटो," असं म्हणून मी तासावर गेले. अकरावीला घर्षण शिकवायचं होतं. त्या दिवशी वर्गात कुणी हूं की चूं केलं नाही.

संध्याकाळी कन्हेरीला घरी आले. नवरा ढोबळी मिरचीच्या क्रेट भरून घेत होता. त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तुला मोटार पाहिजे का नाव पाहिजे?"

"नाव."

"मग भांड. मोटारीसाठी भांडली असतीस तर मी मधे पडलो असतो. ती ठेवायची कुठं आपण?"

तेव्हा हे पहिल्यापासून स्पष्ट असू द्या. मोटार विकायला माझी हरकत नव्हती. आबांचं वय झालं, शेड गळतं, उंदीर गादीत घर करतात. कुणी जाणता माणूस नेत असेल तर न्यावी. मला जाहिरातीत दोन शब्द पाहिजे होते : "आणि मुलीने." तेवढ्यासाठी पुढचं सगळं झालं, आणि त्यातल्या एकाही गोष्टीचा मला पश्चात्ताप नाही.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. आबा वालचंदनगरच्या कारखान्यात टर्नर. सगळी हयात लेथवर गेली. घर कळंबला, आणि घरामागं पत्र्याचं शेड. निवृत्त झाल्यावर आबांनी त्यात एक जुना लेथ आणून बसवला, कारण लेथशिवाय त्यांना करमेना आणि त्यांच्याशिवाय आईला करमत होतं. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले, एम.एस्सी. झाले, बारामतीत ज्युनियर कॉलेजला लागले. हे मी मोठेपणानं सांगते आणि सांगत राहणार. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पदव्या टांगलेल्या आहेत त्यांनी नम्र व्हावं. त्यांना परवडतं.

मोटार आली इंदापूरच्या भंगारवाल्या चाचांकडून. चाचांच्या वडिलांनी ती कुठल्याशा बंगल्याच्या आवारातून उचलली होती, तीही मोटार म्हणून नव्हे, इंजिन म्हणून. मागचं एक चाक अधांतरी उचलायचं, त्याला पट्टा चढवायचा आणि त्यावर पिठाची गिरणी फिरवायची. अमेरिकेतनं आलेल्या मोटारीनं अर्ध्या इंदापूरची ज्वारी दळली. पुढं गिरणी विजेवर गेली आणि मोटार कोंबड्यांच्या ताब्यात गेली. आबा लेथसाठी लोखंड बघायला गेले होते. चाचा म्हणाले, "आबा, ही घिऊन जावा. कोंबड्या तेवढ्या काढून देतो, बाकी हाय तसं."

ट्रॉलीतनं ती कळंबला आली तेव्हा भावानं नुकतंच ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान टाकलं होतं. त्यानं शेडात डोकावून बघितलं आणि म्हणाला, "आबा, ही अमेरिकन हाय म्हंता, पण वास तर इंदापूरचाच येतोय." सगळे हसले. मीही हसले. एवढं एकच त्यानं त्या मोटारीबद्दल बरं बोललेलं मला आठवतं. त्यानंतर तो तिला "आबांचं खूळ" म्हणायचा. जाहिरात देईपर्यंत तेच म्हणत होता.

दर रविवारी मी स्कूटीवरून कळंबला जायचे. लोक म्हणायचे, पोरगी आईला भेटायला येती. आई म्हणायची, "मला कुठं? त्या सांगाड्याला." आबा आणि मी शेडात. दुपारी आई ताटं तिथंच आणून ठेवायची आणि आमचं भांडण ऐकून परत जायची. आम्ही दोघं भांडल्याशिवाय एक नटसुद्धा बसवला नाही.

पहिलं मोठं भांडण बोल्टवरून झालं. आमच्याकडं मिस्त्री लोक सुतात मोजतात, आठ सुतांचा एक इंच. चार सुती बोल्ट दोन फेरे गोडीत जायचा आणि मग अडून बसायचा. आबा पाना लावून जोर करायचे आणि बोल्टाचे आटे मरायचे. मी तोवर एका अमेरिकन हौशी मंडळाच्या संकेतस्थळावरून जुनी पुस्तिका उतरवून घेतली होती. इंग्रजी जुनाट, शब्द कुठल्याच डिक्शनरीत सापडेनात. पण एक गोष्ट कळली. आबा सांगलीपासून पुण्यापर्यंत ज्या आट्यांना ओळखत होते ते इंग्रजांचे आटे, इंचाला बारा. ह्या मोटारीचे तेरा.

"आबा, तुमचे आटे हिला लागू न्हाईत."

त्यांनी पाना खाली ठेवला. "मला आटे शिकवतीस? ह्याच आट्यांवर तुझं कॉलेज झालं."

"व्हय, झालं. म्हणून तर वाचता आलं."

ते पुढचे कितीतरी रविवार माझ्याशी बोलले नाहीत. मी यायचे, ते पाठ करून लेथवर उभे. मी आरे घासत बसायचे. त्या चाकांचे आरे लाकडी आहेत. तिकडचं लाकूड आपल्याकडं मिळत नाही, म्हणून मी बाभळीचे करायला लावले. बैलगाडीची चाकं करणारे सुतार आता कुठं उरलेत, पण भवानीनगरकडचे एक म्हातारे सुतार तयार झाले. मग एका रविवारी बाकावर नवा बोल्ट ठेवलेला दिसला. मी नखानं आटे मोजले. तेरा. आबा पाठमोरेच. आमच्या घरात कुणी कुणाला "तुझं बरोबर होतं" म्हणत नाही. बोल्ट ठेवतात.

ठिणगी देणारं यंत्रही मेलेलं होतं, त्यातलं लोहचुंबक दमलेलं. बाहेर पाठवायला नको म्हणून मी तांब्याच्या तारेची गुंडाळी केली, ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या जोडल्या आणि ते चुंबक परत भरलं. बॅटऱ्या भावाच्या दुकानातल्या होत्या, हे मी लपवत नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं त्या परत मागितल्या, हेही लपवत नाही.

आणि हँडल. त्या काळातल्या मोटारीला चावी फिरवून सुरू व्हायची सोय नव्हती. पुढं रेडिएटरखाली हँडल घालायचं आणि हातानं इंजिन फिरवायचं. मूळ हँडल गिरणीच्या काळातच हरवलं होतं. मापं मी काढली, चित्र मी काढलं, आबांनी लेथवर केलं. पण आबांचा उजवा खांदा कारखान्यात असतानाच निकामी झालेला. त्यामुळं मोटार पहिल्यांदा सुरू झाली ती माझ्या हातानं, आणि त्यानंतर प्रत्येक वेळी माझ्याच हातानं. भाऊ यायचा तो इंजिनाचा आवाज ऐकून. मग स्टेअरिंगवर बसून रील काढायचा. गावातल्या लोकांनी मोटार बघितली ती त्या रीलमध्ये, त्यामुळं गावाच्या मते मोटार त्याचीच.

जाहिरात बघितल्यानंतरच्या रविवारी मी कळंबला गेले. आबा आणि भाऊ ओसरीवर होते, आई आत.

"जाहिरात कुणी लिहिली?"

"मी," भाऊ म्हणाला. "चांगली झाली ना? लई फोन यायलेत."

"वडील आणि मुलाने. तू काय केलंस तिच्यात?"

"आक्का, तसं लिहावं लागतं. बापलेक म्हटलं की गिऱ्हाईकाला भरवसा वाटतो. आता ल्योक कोण, मीच की."

"आन मी कोण?"

"तू हायसच की. घरचीच हायस."

मी आबांकडं बघितलं. ते अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. "आबा, तुमी वाचली जाहिरात?"

"वाचली."

"खरी हाय?"

त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "गिऱ्हाईक गडीमाणसाशी बोलतंय. उगं नावाचा घोळ कशाला घालती? तुझं लगीन झालंय, तुझं नाव कुठलं लावायचं, हितलं का तितलं?"

हे त्यांनी विनोद म्हणून सांगितलं. भाऊ हसलाही. आई आतून म्हणाली, "जाऊ दे की बाई. बापलेकाच्या मधी कशाला पडतीस?"

"मी मधे पडले न्हाई. मला मधनं काढलंय," मी म्हणाले.

"झालं सुरू," भाऊ म्हणाला. "दोन बुकं शिकली म्हणून घरात मास्तरकी."

"दोन न्हाईत. तुझ्या दुकानात जेवढे फिल्टर हायेत तेवढी. आन तू बारावीला कितव्यांदा बसून सुटलास ते गिऱ्हाईकाला सांगू का?"

आबा ओरडले तेव्हा थांबलो. मी शेडात गेले नाही. पाणीही न पिता परत निघाले. निघताना भाऊ मागनं म्हणाला, "पुढच्या रविवारी गिऱ्हाईक येणार हाय. तोंड पाडून यायचं असंल तर येऊ नको."

म्हणून मी गेले.

गिऱ्हाईक पुण्याकडचा हॉटेलवाला निघाला. हायवेवर त्याचं गावरान जेवणाचं मोठं हॉटेल. अंगणात बैलगाडी, मोट, जाती, उखळ, सगळं मांडून ठेवलेलं, लोक जेवण्याआधी त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतात. पांढऱ्या गाडीतून उतरला. कपडे पांढरे, बूट पांढरे. आबांना वाकून नमस्कार केला आणि मी चहा घेऊन आले तर मला म्हणाला, "वहिनी, चहा नको, ताक असेल तर चालेल."

"मी वहिनी नाही," मी म्हणाले. "मुलगी आहे. ही मोटार मी—"

"अरे वा, माहेरवाशीण!" असं म्हणून तो वळला. भाऊ तोवर त्याला घेऊन शेडाकडं निघालाही होता.

मोटार अंगणात काढून ठेवलेली होती. ढकलत काढली असणार, कारण मी नव्हते. हॉटेलवाला तिच्याभोवती फिरला, दिव्यांना टिचक्या मारल्या, गादी दाबून बघितली. गादीवर हात ठेवून म्हणाला, "इथं नवरा-नवरी बसतील. प्री-वेडिंगवाले वेडे होतील."

भाऊ म्हणाला, "चालू कंडिशन हाय, साहेब. आबांनी आन मी मिळून—"

"चालू नसली तरी चालेल हो. आपल्याला काय पळवायची आहे? मी तर इंजिनच काढून टाकणार. तेल गळतं, फरशी खराब होते. बॉनेटखाली स्पीकर बसवू. सनईचे."

मी आबांकडं बघितलं. त्यांनी हातातला चहा न पिता खाली ठेवला.

भावाला वेगळंच वाटलं. बंद मोटार म्हणजे भाव पडणार असं त्याच्या डोक्यात आलं. तो म्हणाला, "साहेब, आवाज तरी ऐका. आवाज ऐकल्यावर तुमी इंजिन काढायचं नावबी घेणार न्हाय." आणि शेडातनं हँडल घेऊन आला.

"आण इकडं," मी म्हणाले.

"राहू दे. मी लावतो."

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या भागात माझ्या भावाच्या वयाच्या प्रत्येक गड्यानं लहानपणी विहिरीवरचं डिझेल इंजिन सुरू केलेलं आहे. एका हातानं वरची कळ दाबून धरायची, दुसऱ्या हातानं हँडल मुठीत गच्च आवळायचं आणि गरागरा फिरवायचं. वेग आला की कळ सोडायची, आणि इंजिन धडधडायला लागतं. त्याची प्रत्येकाला मस्ती आहे. ज्याचं इंजिन एका दमात लागतं तो गडी. त्यामुळं हँडल दिसलं की आमच्याकडचा पुरुष ते मुठीत आवळतो आणि गरागरा फिरवतो. तसंच त्याच्या हाताला माहीत असतं.

ही मोटार तशी लागत नाही. स्टेअरिंगखाली दोन दांड्या आहेत. त्यातली डावी ठिणगीची. ती सुरू करताना वर ढकलून ठेवावी लागते, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. खाली राहिली तर ठिणगी आधीच पडते आणि इंजिन उलटं मारतं. हँडल हातातनं उलट सुटतं. म्हणून अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ करायची नाही, आणि हँडल खालून वर फक्त एक ओढ द्यायची. दाबायचं नाही, फिरवायचं तर नाहीच नाही. रीलसाठी बसताना भाऊ त्या दांड्या रुबाबात खालीवर करायचा. त्या दिवशी डावी दांडी खाली होती. मला लांबूनच दिसली.

"दांडी वर कर," मी म्हणाले. "आन अंगठा बाहेर ठेव."

"मास्तरीणबाई, हे काय खडू-फळा न्हाय."

"मूठ करू नको म्हणते ना!"

तो हॉटेलवाल्याकडं बघून हसला. "आमच्या घरात इंजिनिअर लई हायेत, साहेब." हॉटेलवाल्यानं मोबाइल काढला आणि शूटिंग सुरू केलं. मी दांडीकडं निघाले, पण मोटारीला वळसा घालून जायचं होतं. भावानं मूठ आवळली आणि विहिरीवर फिरवतात तसं हँडल दणक्यात खाली दाबलं.

मोटारीनं एकदाच आवाज केला. फट्ट. हँडल उलटं आलं आणि भाऊ उजवं मनगट धरून खाली बसला. आई आतनं पळत आली. मी त्याचा हात बघितला. मनगट जागेवर नव्हतं. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण जेवढं वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही.

हॉटेलवाल्यानं शूटिंग थांबवलं. "अरे बापरे. बघा, म्हणूनच म्हणत होतो. इंजिन काढलेलंच बरं. धोकादायक आहे. काका, आपण आजच करून टाकू."

आबा उठले. हळू उठले, पण उठले ते सरळ त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"इंजिन काढायचं असंल तर पत्र्याची करून घ्या की. वालचंदनगरच्या रस्त्याला वेल्डिंगवाला हाय. नवरा-नवरी बसतील, सनईबी बसंल."

"काका, तुम्ही चिडू नका—"

"चिडलो न्हाय. ताक पिलं ना? या आता."

पांढरी गाडी वळली, धुरळा बसला. तेव्हा आबा माझ्यावर फिरले. "आन तू काय बघत हुतीस?"

"सांगत हुते. ऐकायला कुणी हुतं का?"

"वरडून सांगायचं!"

"वरडून सांगितलं तर म्हणता मास्तरकी करती."

भाऊ खाली बसून कण्हत होता. कण्हता कण्हता म्हणाला, "हिची नजर लागली. हिलाच पायजे हुतं हे."

आई त्याच्यावरनं मीठ-मोहऱ्या ओवाळायला आत गेली. त्याला बारामतीला हाडाच्या डॉक्टरकडं न्यायला शेजारची जीप आली. आबा त्याच्याबरोबर गेले. अंगणात मोटार, आई आणि मी उरलो. मी आधी डावी दांडी वर केली. मग हँडल बाहेर ओढलं, पुसलं आणि स्कूटीच्या डिकीत घातलं. ते डिकीत पुरं मावेना, तोंड बाहेर राहिलं.

"आगं, ते कुठं चालवलंस?" आई म्हणाली.

"घरी. माझं हाय."

"आबा काय म्हंतील?"

"म्हणू दे. त्यांना मोटार पायजे हुती, मोटार हाय."

कन्हेरीच्या घरात ते हँडल मी स्वयंपाकघरात कपाटाच्या बाजूला खिळ्याला अडकवलं. नवरा म्हणाला, "लाटणं लहान पडत हुतं काय?" मी त्यावरही हसले नाही.

मग सुरू झालं. भावाचा पहिला फोन आला तो सरळ शिवीनंच. डाव्या हातानं फोन धरून तो म्हणाला, "हँडल आणून दे. चोरी हाय ही." मी म्हणाले, "पोलिसात जा. पंचनाम्यात लिही, बहिणीनं स्वतःच काढलेल्या मापाचं हँडल नेलं." त्यानं फोन आपटला. आई मधे पडली. मामा मधे पडले. मामांनी मला विचारलं, "एवढी शिकलीस, तुला मोठं मन न्हाय का?" मी म्हणाले, "मोठं मन करून करून हातात काय आलं? दुसऱ्याचा फोटो." चुलतीनं सुनावलं की शिकलेल्या पोरी माहेर तोडतात. तोडलं नव्हतं मी. दर रविवारी जात होते. आबा शेडात, मी ओसरीवर आईपाशी. दोघांच्या मधे अंगण आणि अंगणात मोटार, वर ताडपत्री टाकलेली.

मग एक दिवस जाहिरात बदलली. भावानंच मला पाठवली, खाली हात जोडल्याचं चित्र. आता लिहिलं होतं : "वडील, मुलगा आणि कुटुंबीयांनी राबून पुन्हा जिवंत केलेली."

कुटुंबीय! भावाची बायकोसुद्धा त्यात आली, तिनं ती मोटार पायरीवरून खाली उतरून कधी बघितली नव्हती. कोंबड्यासुद्धा आल्या म्हणायच्या. मी उत्तरच पाठवलं नाही.

पुढं मला आईकडून कळलं की भावानं रस्त्याकडच्या वेल्डिंगवाल्याकडून दुसरं हँडल करून घेतलं. ते बसेना. पुढचं तोंड तिरकं लागतं, ते त्यानं सरळ केलेलं, लावलं की घसरायचं. मग तो आबांना म्हणाला, "आबा, तुमी पयलं केलं तसंच आणखी एक करा. लेथ हाय, लोखंड हाय." आबा म्हणाले, "खांदा दुखतोय." तो म्हणाला, "मी धरतो, तुमी नुसतं सांगा." आबा म्हणाले, "माप आठवत न्हाय."

आई हे मला भाकरी थापता थापता सांगत होती. तिनं परातीतनं हात काढला आणि म्हणाली, "कालच तर माझ्यासाठी देवाची समई नीट केली त्याच लेथवर. खांदा बरा हुता की."

मी शेडाकडं बघितलं. आबा पाठमोरे होते, लेथ पुसत होते. त्यांनी वळून बघितलं नाही. मी आत गेले नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात भावाचा परत फोन आला. ह्या वेळी आवाज निराळा. मुंबईहून एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची बायको येणार होते. त्यांच्याकडं अशा दोन-तीन मोटारी आहेत, स्वतः सांभाळतात. त्यांनी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला होता की सुरू कोण करतं आणि कशी करतं. भावाला सांगता येईना. त्यानं काहीतरी ठोकून दिलं, तर ते म्हणाले, असं केलं तर मनगट मोडेल.

"मग तू काय म्हणालास?" मी विचारलं.

तो म्हणाला, "आक्का, हँडल घिऊन ये. तू लाव. मी लांब उभा राहतो."

"जाहिरात?"

"काय लिहू ते तू सांग. मी लिहितो. पर आज लिहायला पायजे, त्यांना लिंक पाठवायचीय."

"लिही. 'वडील आणि मुलीने.'"

पलीकडं बोटं वाजत होती. डाव्या हातानं टाइप करत होता, वेळ लागत होता. मग बोटं थांबली.

"आन मी?"

"तू फोटोत हायस की."

"आक्का, असं कसं? बॅटऱ्या माझ्या हुत्या."

"त्या तू परत नेल्यास."

मागं आबांचा खोकला ऐकू आला. फोन स्पीकरवर होता, हे मला तेव्हा कळलं. आबा पुन्हा खोकले, मुद्दाम. भाऊ परत टाइप करायला लागला.

"झालं," तो म्हणाला. "पाठवू?"

"थांब. शेवटी एक ओळ घाल. 'मोटार फक्त रविवारी चालू करून दाखवली जाईल.'"

"रविवारीच का?"

"बाकीचे दिवस मला कॉलेज असतं."